सॅम्पल पॅक वापरताना या चुका टाळा: हाउस ट्रॅक गढूळ का वाजतो?

सॅम्पल पॅकमधली, म्हणजे तयार आवाजांच्या संचातली किक (ड्रमचा खालचा जाड ठोका) एकटी ऐकली की छाती दणाणते. तीच हाउस (नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत) ट्रॅकमध्ये टाकली की मवाळ पडते, आणि मग आपण आणखी एक पॅक उतरवायला निघतो. थांबा. दोष बहुतेक वेळा किकच्या लांबीत असतो. १२५ बीपीएमला (मिनिटाला १२५ ठोके) एक बीट ४८० मिलिसेकंदांची, म्हणजे ऑफबीटवरचा (दोन ठोक्यांच्या मधोमध येणारा) बेस २४० व्या मिलिसेकंदाला येणार. किकची शेपटी (ठोक्यानंतर उरणारा आवाज) ४०० मिलिसेकंद रेंगाळत असेल, तर दर बीटला ती बेसच्या पायात येते. शेपटी २०० च्या आसपास फेड करून (आवाज हळूहळू उतरवून) छाटा आणि मगच ईक्यूला (खालचे-वरचे सूर कमी-जास्त करायच्या साधनाला) हात लावा. पुष्कळदा त्याची गरजच उरत नाही.

याउलट किक फुसकी वाटली की तिच्यावर दुसरी चढवायची, ही सवय जास्त महागात पडते. दोन्हींच्या खालच्या लहरी उलटसुलट असल्या तर बेरीज व्हायच्या ऐवजी वजाबाकी होते. एकीची पोलॅरिटी उलटवून (लहर उलटी करून) पाहा: आवाज एकदम भरला, तर फेजचं (लहरींच्या जुळणीचं) दुखणं तिथेच आहे. सॅम्पलच्या सुरुवातीला चार-दोन मिलिसेकंदांची शांतता आहे का, तेही झूम करून बघा (तिनेही लहरी सरकतात). दोन किक हव्याच असतील तर खालचा भाग एकीकडेच राहू द्या, दुसरी १५० हर्ट्झच्या खाली कापा. (मला विचाराल तर एकच चांगली किक निवडा.)

किकलाही सूर असतो. शेपटी ५५ हर्ट्झवर स्थिरावत असेल तर तो ए (A) हा सूर. ट्रॅक एफ मायनरमध्ये असेल तर त्यात ए नाही, ए-फ्लॅट आहे, म्हणजे तळाशीच बेसूर. किक ट्यून करा, किंवा आखूड करा. आखूड किकचा सूर कानाला फारसा टोचत नाही.

लूप (फिरून फिरून वाजणारा तुकडा) १२० बीपीएमचा आणि ट्रॅक १२७ चा असेल तर ताणाताणी होते आणि हॅट्स चरचरीत, विस्कटलेले वाजतात. एबलटनमध्ये (संगीत बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) ड्रम लूपला कॉम्प्लेक्सऐवजी बीट्स हा वार्प मोड (ताणायची पद्धत) द्या. री-पिच केलंत (वेगासोबत सूरही बदलू दिलात) तर एवढ्या फरकाने सूर जवळजवळ एक सेमीटोन (अर्धा सूर) चढतो. ड्रमला ते चालून जातं, कॉर्डच्या लूपला नाही. तिथे लूपचे तुकडे करून ते नव्या वेगावर मांडा.

पॅकमधले आवाज बहुतेक वेळा आधीच कॉम्प्रेस, लिमिट केलेले (लहान-मोठ्या आवाजातला फरक कमी केलेले) असतात. सवयीने प्रत्येक चॅनेलवर पुन्हा कॉम्प्रेसर लावू नका.

राहिला परवाना. रॉयल्टी-फ्री म्हणजे आपल्या रचनेत वापरायची मोकळीक; तेच सॅम्पल सुटे करून वाटायची किंवा विकायची नव्हे. अटी पॅकगणिक बदलतात, त्या वाचा. मेलडी किंवा व्होकल लूप जसाच्या तसा घेतला असेल, तर तोच लूप इतरांच्याही गाण्यात असणार. अशा वेळी ट्रॅक वितरणाला देताना यूट्यूब कंटेंट आयडीचा (गाणं आपोआप ओळखून त्यावर हक्क सांगणाऱ्या यंत्रणेचा) पर्याय बंद ठेवा.