घरामागचे पुटिंग ग्रीन तयार करताना या चुका टाळा

घरामागच्या अंगणातले कृत्रिम पुटिंग ग्रीन (गोल्फचा चेंडू हलक्या फटक्याने, म्हणजे पुट मारून, होलात घालण्याची आखूड गवताची जागा) बिघडले की बहुतेक जण दोष गवताला देतात आणि अधिक महागडे गवत शोधू लागतात. आजवर दुरुस्तीसाठी माझ्यापुढे जी ग्रीन आली, त्यांतल्या बहुतेकांचे गवत चांगले होते; बिघडला होता तो पाया. पुटिंगचे गवत सहसा जेमतेम 10 ते 15 मिलिमीटर उंचीचे असते. खालचा उंचसखलपणा झाकण्याचे सामर्थ्य त्यात नसते आणि होलजवळ वेग ओसरलेला चेंडू तर काही मिलिमीटरच्या खोलगटपणानेही वाट सोडतो.

म्हणून पहिली आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे पाया घाईने उरकणे. जुनी हिरवळ आणि मुळे असलेली वरची मऊ माती पूर्ण काढावी लागते, कारण ती कुजली की वरचा थर खचतो. त्यानंतर माती आणि खडी वेगळी ठेवणारे जिओटेक्स्टाइल कापड अंथरून त्यावर एकूण 10 ते 15 सेंटिमीटर जाडीचा, कोनदार फोडलेल्या खडीचा थर हवा आणि सर्वांत वर भुकटीसह बारीक खडी हवी. नदीतले गोल गोटे किंवा नुसती वाळू येथे चालत नाही, कारण त्यांचे कण एकमेकांत अडकून बसत नाहीत. हा सगळा भराव एकदम टाकून वरून एकदा यंत्र फिरवले, तर वरचे कवच घट्ट होते आणि आतला भाग पोकळ राहतो. प्रत्येक थर सात-आठ सेंटिमीटरच्या आत ठेवावा, त्यावर हलके पाणी मारावे, प्लेट कॉम्पॅक्टर उभा-आडवा फिरवावा आणि जेथे यंत्र पोहोचत नाही अशा कडा हाताच्या धुमसाने ठोकून घ्याव्यात.

एका घरी चेंडू होलच्या अलीकडे, दरवेळी एकाच जागी डावीकडे वळत असे. घरमालकांनी पुटर (पुट मारायची काठी) बदलला, होलची जागा बदलण्याचा विचार केला आणि शेवटी गवतावर आणखी वाळू टाकून पाहिली. आम्ही गवताची कड सोडवून ते मागे दुमडले, तेव्हा खडीच्या भुकटीत बुटाच्या टाचेचा ठसा स्वच्छ उमटलेला दिसला. शेवटचा हात फिरवल्यावर, भुकटी ओली असताना कोणीतरी त्यावरून चालून गेले होते. त्याहून वाईट गोष्ट पलीकडच्या भिंतीजवळ होती. तेथे जुन्या नळाचा चर होता. काम करणाऱ्याने तो एकाच दमात भरला होता आणि पावसाळ्यानंतर चराच्या रेषेत सगळी पट्टी खाली बसली होती. गवताखाली वाळू सारून तो भाग वर उचलावा, असे मालकांचे म्हणणे होते. मी ते मान्य केले नाही, कारण सुटी वाळू पाण्याबरोबर आणि चालण्याच्या दाबाने सरकत राहते आणि एका खड्ड्याचे दोन खड्डे होतात. चर पुन्हा उकरून थराथराने भरला, तेव्हाच ते ग्रीन सरळ झाले.

माझी स्वतःची सवय अशी आहे की, गवत आणण्यापूर्वी दोन-तीन मीटर लांबीची ॲल्युमिनियमची सरळ पट्टी पायावर सर्व दिशांनी फिरवायची, पाइपने पाणी सोडून ते कोठे साचते ते पाहायचे आणि पाया वाळल्यावर खडीच्या उघड्या थरावरच चेंडू सोडून पाहायचा. चेंडू त्या थरावर अडखळत असेल, तर तो गवतावरही अडखळेल. ज्यांना सुटीच्या दोन दिवसांत ग्रीन पूर्ण करायचे असते, ते नेमकी हीच तपासणी गाळतात.

दुसरी मोठी चूक उताराची आहे. नवशिक्यांना मोठ्या क्रीडांगणांसारखी वळणे आणि उंचवटे हवे असतात; पण छोट्या जागेत आणि वेगवान पृष्ठभागावर ते खेळण्याजोगे राहत नाहीत. होलच्या आसपास 1 ते 2 टक्के, म्हणजे एका मीटरला एक ते दोन सेंटिमीटर उतार पुरेसा असतो. 3 टक्क्यांच्या पुढे मी जात नाही. अगदी सपाट ग्रीनही चुकीचेच, कारण त्यावर पाणी थांबते. एकूण उतार घराच्या भिंतीपासून दूर नेणारा असावा. उतार ठरवण्याआधी गवताचा वेग माहीत करून घ्यावा. त्यासाठी एडवर्ड स्टिंपसन यांनी 1935 मध्ये तयार केलेल्या पट्टीवरून आलेले स्टिंपमीटर, म्हणजे चेंडू घरंगळत सोडायची खाचेची पट्टी, वापरतात, आणि त्यावरून सुटलेला चेंडू किती फूट जातो, तो ग्रीनचा वेग. वेग जितका जास्त, तितका उतार सौम्य ठेवावा.

होलचा व्यास 108 मिलिमीटर असतो आणि कपाची (होलात बसवलेल्या भांड्याची) कड पृष्ठभागाच्या निदान 25 मिलिमीटर खाली असावी लागते. ती गवताच्या बरोबरीने बसवली, तर चांगला पुटही कडेला लागून बाहेर उडतो. कपाच्या तळातून पाणी खडीत उतरेल अशी वाट ठेवावी.

गवताचे दोन तुकडे जोडताना दोन्हींच्या पात्यांचा कल एकाच दिशेला असावा, कारखान्यातून आलेली कड कापून टाकावी आणि पाती गोंदात अडकू देऊ नयेत. खिळे फक्त कडेलाच ठोकावेत. पुटिंगच्या पृष्ठभागावर खिळा म्हणजे कायमचा उंचवटा. गुंडाळीतून काढलेले गवत काही तास उन्हात पसरून ठेवल्याशिवाय कापू नये.

पात्यांमध्ये भरायच्या वाळूबाबतही घाई नडते. आखूड, दाट नायलॉनच्या गवताला सहसा वाळू लागत नाही, पण पॉलिप्रॉपिलीनच्या उंच गवताला ती लागते आणि तिच्यावरच चेंडूचा वेग अवलंबून असतो. गोल कणांची, पूर्ण कोरडी सिलिका वाळू कोरड्या गवतावर पातळ फेऱ्यांत टाकावी आणि प्रत्येक फेरीनंतर पाती उभी राहतील असा ब्रश मारावा. पोती एकदम रिकामी केली, तर पाती वाळूखाली आडवी दबतात आणि नंतर ती वर काढणे फार कष्टाचे होते.

जागा निवडताना आजूबाजूच्या खिडक्याही पाहाव्यात. उष्णता परतवणाऱ्या काचेवरून एकवटून येणारे ऊन कृत्रिम गवत वितळवू शकते, आणि वितळलेला भाग कापून नवा तुकडा जोडण्यावाचून इलाज नसतो. अशा खिडकीला बाहेरून जाळी किंवा पडदा लावल्यावरच काम सुरू करावे.