ओव्हनमधलं ऑम्लेट: मध्यभाग डुलत असतानाच बाहेर काढा

तव्यावर सहा जणांची ऑम्लेटं करायची तर शेवटचं होईपर्यंत पहिलं गार होतं. ओव्हनमध्ये सगळ्यांचं एकदम होतं, आणि उलटताना फाटायची भीतीही नाही. मात्र हे ऑम्लेट वेगळं असतं. दोनेक सेंटीमीटर जाड, आतून मऊ, सुरीने चौकोनी तुकडे पाडता येतील असं. कडेने जाळीदार, कुरकुरीत हवं असेल तर तवाच बरा.

२० सेंटीमीटरच्या चौकोनी भांड्यासाठी माप असं: ८ अंडी, १६० मिलिलीटर दूध, पाऊण छोटा चमचा मीठ, थोडी मिरपूड, शिजवलेल्या भाज्या १५० ते २०० ग्रॅम, किसलेलं चीज ७० ग्रॅम आणि भांड्याला लावायला एक मोठा चमचा लोणी. चीज खारट असेल तर मीठ अर्ध्या चमच्यावर आणा. दुधाचा हिशेब दर अंड्याला २० मिलिलीटर. दूध अजिबात नसेल तर ऑम्लेट घट्ट होतं, जरा जास्त भाजलं की रबरासारखं लागतं. उलट 'अजून मऊ होईल' म्हणून दूध वाढवत गेलात तर ते ढिलं पडतं आणि तुकडा उचलताना मोडतो.

आधी भाज्यांकडे बघा, कारण हे ऑम्लेट बिघडतं ते बहुतेक वेळा पाण्यामुळे. टोमॅटो, मशरूम, पालक यांत ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. कच्चे घातले तर अंडं धरू लागतं तसतसं ते पाणी सुटतं, त्याला जायला जागा नसते, आणि कापल्यावर भांड्याच्या तळाशी डबकं दिसतं. म्हणून मशरूम मोठ्या आचेवर, झाकण न ठेवता परता. आधी ते पाणी सोडतील, मग ते आटेल, मग पॅनमध्ये चरचर आवाज यायला लागेल. त्या आवाजापर्यंत थांबायचं. पालक परतून गार झाला की मुठीत घट्ट पिळा. टोमॅटोच्या बिया आणि पाणीदार गर काढून फक्त सालीलगतचा घट्ट भाग घ्या. कांदा आणि ढोबळी मिरचीही पाच-सात मिनिटं परतूनच घाला, नाहीतर अंडं शिजतं आणि कांदा कच्चाच राहतो. भाज्या गार करूनच अंड्यात मिसळा.

ओव्हन १८० अंशांवर तापत ठेवा. पंखा चालू असेल तर १६० पुरे. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर कन्व्हेक्शन मोडवरच ठेवा, साध्या मायक्रोवेव्ह मोडवर हा प्रकार जमत नाही.

अंडी काट्याने किंवा व्हिस्कने फेटा, पण फेस येईपर्यंत नाही. पांढऱ्याचे दोरे दिसेनासे झाले की थांबा. फेसाळ मिश्रण ओव्हनमध्ये खूप फुगतं, बाहेर काढलं की बसतं आणि आत भोकं राहतात. आता दूध, मीठ, मिरपूड, भाज्या आणि दोन तृतीयांश चीज घाला.

धातूचं भांडं असेल तर त्यात लोणी घालून तीन-चार मिनिटं ओव्हनमध्ये ठेवा. लोणी फसफसायला लागलं की भांडं काढून ते कडांना फिरवून घ्या आणि लगेच मिश्रण ओता. तळाचा थर तिथेच धरतो, त्यामुळे नंतर चिकटत नाही. काचेच्या भांड्याला मात्र हा प्रयोग नको. तापलेल्या काचेत गार मिश्रण पडलं की ती तडकू शकते. काचेला नुसतं लोणी चोपडा, आणि काच उशिरा तापत असल्याने चार-पाच मिनिटं जास्त धरा.

भांडं मधल्या कप्प्यात ठेवा. छोट्या ओटीजीत वरची कांडी फार जवळ असते, तेव्हा एक कप्पा खाली. वीस मिनिटांनी उरलेलं चीज वर भुरभुरा. सुरुवातीलाच घातलं तर ते करपून कडक होतं. एकूण वेळ २२ ते २८ मिनिटं, पण घड्याळावर विसंबू नका. हातमोजा घालून भांडं हलकेच हलवा. मधोमध पाण्यासारखी लाट उठली तर अजून कच्चं आहे. कडा धरल्यात आणि मधला तळहाताएवढा भाग जेलीसारखा एकसंध डुलतोय, तर काढा. थर्मामीटर असेल तर मध्यभागी ७१ अंश. बाहेर आल्यावरही आतली उष्णता पाच मिनिटं काम करत राहते, तेवढं थांबून मगच कापा. पूर्ण घट्ट होईपर्यंत आत ठेवलं की प्रथिनं आवळतात आणि पाणी पिळून बाहेर टाकतात. म्हणजे भाज्या कितीही कोरड्या केल्या तरी डबकं होतंच.

बाहेर काढल्यावर थोडं बसणारच. ती वाफ होती, तुमची चूक नाही. कापल्यावर हिरवट-करडी छटा दिसली तर ते जास्त वेळ तापल्याचं लक्षण: पिवळ्यातलं लोह आणि पांढऱ्यातलं गंधक यांची ती करामत. खायला काही अपाय नाही. वरून लाल झालं आणि मध्ये कच्चं असेल तर फॉइल सैल झाकून तापमान १० अंशांनी उतरवा.

१२ अंड्यांचं करायचं तर भांडं ३० बाय २२ सेंटीमीटरचं घ्या आणि बाकी सगळं दीडपट. जाडी तीच राहिली तर वेळही जवळपास तोच लागतो. त्याच छोट्या भांड्यात १२ अंडी कोंबलीत तर कडा सुकतील आणि मध्य कच्चा राहील. मफिन ट्रेमध्ये ८ अंड्यांच्या मापात साधारण ११ मफिन होतात. साचे पाऊणच भरा, १५ मिनिटांनंतर बघायला लागा, आणि लोणी सढळ हाताने लावा, कारण मफिनचे कोपरे हमखास चिकटतात.

उरलेलं दोन तासांच्या आत झाकून फ्रिजमध्ये ठेवा, तीन दिवस टिकतं. गरम करताना १५० अंशांवर, फॉइल झाकून, दहा-बारा मिनिटं.