संगणकावर चेतापेशीच्या शाखा वाढवण्याची एक पद्धत

चेतापेशीचे डेंड्राइट (संदेश घेणाऱ्या शाखा) कसे पसरतात याचे प्रारूप प्रथमच बनवणाऱ्याने रासायनिक समीकरणांना लगेच हात न घालता हर्मन कुंट्झ आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मांडलेल्या नियमापासून सुरुवात करावी, कारण तो पायथन या संगणकीय भाषेत थोडक्यात लिहिता येतो आणि त्याची प्रत्येक पायरी तपासून पाहता येते. शाखा पसरताना द्रव्यही वाचावे आणि संदेश पोहोचण्याचा वेळही, हे स्पॅनिश चेताशास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांचे जुने निरीक्षण त्याच्या मुळाशी आहे.

खऱ्या डेंड्राइटने व्यापलेल्या जागेएवढ्याच आकारमानात काहीशे बिंदू यादृच्छिकपणे विखुरावेत आणि पेशीकाय (पेशीचा केंद्रक असलेला मुख्य भाग) हे या शाखांच्या झाडाचे मूळ धरावे. मग न जोडलेला बिंदू आणि झाडावरील बिंदू अशा प्रत्येक जोडीतील अंतर मोजावे, त्या वाटेने मुळापर्यंत पडणारी एकूण लांबी संतुलन-गुणांकाने (द्रव्याच्या तुलनेत वेळेच्या बचतीला किती वजन द्यायचे हे ठरवणाऱ्या संख्येने) गुणून त्यात मिळवावी आणि सर्वांत कमी बेरजेची जोडी सांधावी. बिंदू संपेपर्यंत हेच करावे. गुणांक शून्य असल्यास एकूण लांबी किमान राहते, पण शाखा वळसे घेतात; तो फार वाढवल्यास बहुतेक बिंदू थेट पेशीकायाला जाऊन मिळतात. बिंदूंचा प्रदेशच चुकीचा आखला असेल, तर गुणांक कितीही बदलला तरी झाड खऱ्यासारखे होत नाही, आणि माझ्या मते सर्वाधिक काळजी इथेच घ्यावी.

तुलनेसाठी न्यूरोमॉर्फो या खुल्या संग्रहातील त्याच प्रकारच्या पेशी घ्याव्यात. त्यांच्या एसडब्ल्यूसी फाइलीत प्रत्येक बिंदूचा क्रमांक, प्रकार, तीन निर्देशांक, त्रिज्या आणि पालक-बिंदू दिलेला असतो. पेशीकायाभोवती वाढत्या त्रिज्येचे गोल कल्पून प्रत्येक गोलाला किती शाखा छेदतात हे मोजण्याची शोल यांची १९५३ मधील पद्धत बनवलेले झाड आणि खरी पेशी या दोन्हींना लावावी.

आकार जुळल्यावरच जोडण्यांकडे वळावे. शाखांचे सुमारे १ मायक्रोमीटरचे तुकडे करून, दुसऱ्या पेशीचा ॲक्सॉन (संदेश बाहेर नेणारा तंतू) डेंड्राइटपासून सुमारे २ मायक्रोमीटरच्या आत जिथे येतो, ती ठिकाणे संभाव्य सिनॅप्स (दोन चेतापेशींमधील संदेश-जोडणी) म्हणून नोंदवावीत. केवळ जवळिकीवरून सिनॅप्स ठरत नाही, हे उंदराच्या मेंदूच्या बाह्यकाच्या (बाहेरच्या थराच्या) २०१५ मधील सूक्ष्म पुनर्रचनेत दिसून आले आहे; म्हणून या यादीतून किती ठिकाणे आणि कोणत्या निकषाने निवडली, हे निकालासोबत स्पष्ट लिहावे.