आषाढातल्या भुतांच्या आवाजांतून मुलांना संगीत कसे शिकवावे

आषाढ लागला की बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या पट्ट्यात दिवससुद्धा अंधारलेला असतो आणि संध्याकाळी वीज गेली की घराघरांत भुतांच्या गोष्टी रंगू लागतात. ८ ते १२ वर्षांच्या मुलांना संगीताची ओळख करून देण्यासाठी याहून चांगला हंगाम नाही, असे माझे ठाम मत आहे. गोष्टीतली भीती शब्दांइतकीच आवाजाने उभी राहते, आणि तो आवाज कसा करायचा हे शोधता शोधता मुले नादाचा लहानमोठेपणा, उच्चनीचता आणि जाती (आवाज कशाचा आहे ते सांगणारा पोत) हे तिन्ही गुण व्याख्या न घोकता ओळखू लागतात. अट एकच आहे. मुलांना घाबरवायचे नाही. भीतीचा आवाज मुलांनी स्वतः करायचा. जे मूल मुळातच भित्रे असेल त्याला खुणा करून आवाज चालू-बंद करणाऱ्याचे काम द्यावे, म्हणजे सगळी भुते त्याच्या हाताच्या इशाऱ्यावर गप्प होतात.

सुरुवात ऐकण्यापासून करावी. मुलांना ओसरीवर बसवून पाच मिनिटे डोळे मिटायला सांगावे आणि नंतर काय काय ऐकू आले ते विचारावे: कौलांवरचा पाऊस, पागोळ्या, बेडूक, रातकिडे, एखादा पिंगळा. कोणता आवाज सलग चालतो, कोणता थांबून थांबून येतो, कोणता बारीक आणि कोणता भरदार, हे त्यांनी ठरवावे आणि पाटीवर चित्राने मांडावे. पागोळीला ठिपके, रातकिड्याला वरच्या बाजूला बारीक नागमोडी रेघ, बेडकाला खाली जाड फराटे. मग तेच चित्र डावीकडून उजवीकडे बोट फिरवत सगळ्यांनी तोंडाने म्हणावे.

साधने घरातलीच पुरतात. जुनी एक्स-रेची फिल्म दोन्ही हातांनी हलवली की ढग गडगडतात. नारळाच्या दोन करवंट्या फरशीवर आपटल्या की कोणीतरी चालत येते. दाराच्या करकरीसाठी कागदी पेल्याच्या तळाला भोक पाडून त्यातून जाड सुती दोरा ओवावा, आतल्या बाजूने काडीला गाठ मारावी आणि दोरा ओल्या फडक्याच्या चिमटीत धरून झटक्या-झटक्याने ओढावा. नुसत्या दोऱ्याचा आवाज जेमतेम ऐकू येतो, पण पेल्याचा तळ दोऱ्याबरोबर थरथरून पुष्कळ हवा हलवतो, म्हणून करकर मोठी होते. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जोगत्यांच्या हातातले चौंडके या भागातल्या बहुतेक मुलांनी पाहिलेले असते, आणि त्यातही तारेची थरथर कातड्यातून मोठी होते. तार हाताने ताणली-सैल केली की स्वर कसा न तुटता वर-खाली सरकतो, हे चौंडक्यावर ऐकवले की मींड समजावून सांगण्याचे श्रम उरत नाहीत. त्यानंतर मुलांनी तीच सरक गळ्याने ‘ऊ’ म्हणत खर्जापासून वरपर्यंत करावी. ज्या मुलांना स्वर पकडता येत नाही त्यांना या खेळाचा फार उपयोग होतो. किंचाळू मात्र देऊ नये, त्याने गळा दुखावतो.

पेटी मिळाल्यास तिच्यावर एक तास अवश्य खर्च करावा. पेटीवादक पंडित रामभाऊ विजापुरे यांच्या बेळगावात ती मिळणे फारसे अवघड नसावे. पांढरी एक ही पट्टी षड्ज (सा) धरून त्याच्या लगतचा कोमल रिषभ (रे) सोबत दाबावा. दोन जवळच्या स्वरांची कंपने एकमेकांत मिसळून आवाज थरथरू लागतो आणि मुले चटकन अंग चोरतात. मग षड्जाबरोबर तीव्र मध्यम (म), आणि शेवटी षड्ज-पंचम (सा-प) वाजवून भीती नेमकी कुठे संपली ते मुलांना विचारावे. याच स्वरांची चार-पाच स्वरांची ओळ त्यांच्याकडून रचून घ्यावी. ती एकदा मंद्र (खालच्या) सप्तकात, अतिविलंबित (अगदी संथ), मध्ये थांबत वाजवावी आणि लगेच तार (वरच्या) सप्तकात द्रुत (जलद) लयीत वाजवावी. दुसऱ्या वेळी मुले बहुधा हसू लागतात. कोमल रिषभ आणि तीव्र मध्यम मारवा रागातही असतात आणि मारवा काही भुतांचा राग नव्हे, हे येथे शिक्षकांनी स्पष्ट सांगावे. स्वर स्वतः भयंकर नसतो. लय, सप्तक आणि मधली शांतता मिळून तो परिणाम घडवतात.

यानंतर वेताळाची पालखी काढावी. कोकण-गोव्याच्या लोककथांत वेताळ रात्री लवाजम्यासह फेरीला निघतो. तो दुरून येतो, दारावरून जातो आणि पुन्हा दूर जातो, एवढाच प्रसंग घ्यावा. ठेका केरव्याचा, ८ मात्रांचा. टाळ, घुंगरू, करवंट्या आणि एक हलगी. आवाज वाढू लागला की मुले पळू लागतात आणि कमी झाला की रेंगाळतात, हे ठरलेले आहे, म्हणून एका मुलाने सतत पायाने मात्रा धरावी आणि लहानमोठेपणा बदलला तरी लय हलणार नाही याची राखण करावी. पालखी दारासमोर आली की सगळ्यांनी एकदम थांबायचे, मनात पूर्ण ८ मात्रा मोजायच्या आणि पुढच्या समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर, एकच थाप द्यायची. ही शांतता मुलांना सगळ्यात अवघड जाते. कोणीतरी लवकर वाजवतेच, पण घाई करू नये. बरोबर समेवर सगळे एकत्र आले की सम म्हणजे काय हे त्यांना कायमचे कळते. पावसाळी हवेत हलगीचे कातडे सैल पडून तिचा आवाज बसतो. मोठ्यांनी ती शेकून आणावी आणि शेकण्याआधीचा व नंतरचा आवाज मुलांना मुद्दाम ऐकवावा.

बेळगाव-निपाणीकडच्या वर्गात मराठीबरोबर कानडी आणि उर्दू बोलणारी मुलेही असतात. गोष्ट फक्त आवाजांत सांगायची असल्यामुळे त्यांच्यापैकी कोणी मागे पडत नाही. आषाढ अमावास्येला घरोघरी दिवे पूजले जातात. त्या संध्याकाळी पालकांसमोर छोटा प्रयोग ठेवता येईल.

पुढच्या तासाला एका गटाचे चित्र दुसऱ्या गटाला वाजवायला द्यावे. ते जिथे अडखळतील, तिथेच स्वरलेखन शिकवायला घ्यावे: भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली आणि तार स्वरावर बिंदू.