गरवायला निघण्याआधी

रविवारी कोकणात खाडीवर किंवा खडपावर, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांवर, गरवायला (गळ टाकून मासे पकडायला) जायचं ठरलं असेल, तर तयारी शुक्रवारी रात्रीच सुरू करा, आणि तीही भिंतीवरच्या दिनदर्शिकेपासून. पक्षातली तिथी पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा अंदाजे तास मिळतो. चतुर्थी असेल तर भरती 3 च्या सुमारास, म्हणजे सुकती (पूर्ण ओहोटी) 9 च्या आसपास. हे गणित अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतं, म्हणून जवळच्या बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ताही ताडून घ्या. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याला ओढ फार, दोरीला वजन म्हणून लावलेलं हलकं शिसं तळाला टिकत नाही. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे सर्वांत लहान भरतीला, पाणी मंद. नवख्याने भांगानंतरचे एक-दोन दिवस धरावेत असं माझं मत.

मग हवेचा दाब. ‘दाब उतरायला लागला की मासा खातो’ हा सल्ला बहुतेक इंग्लंड-अमेरिकेकडून आलेला. तिकडे वादळी पट्टे एकामागून एक सरकतात आणि दोन दिवसांत दाब 20-30 हेक्टोपास्कलनेही हलतो. आपल्याकडे निरभ्र दिवशीसुद्धा दाब दोनदा चढतो, दोनदा उतरतो. सकाळी आणि रात्री 10 च्या सुमारास वर, पहाटे आणि दुपारी 4 च्या सुमारास खाली, फरक 3-4 हेक्टोपास्कलचा. तेव्हा दुपारी आकडा घसरला म्हणून गळ उचलून धावू नका. आज 4 वाजताचा आकडा काल 4 च्या आकड्याशीच ताडायचा, आणि त्यासाठी दोन-तीन दिवस आधीपासून लिहून ठेवायचा. फोनमधल्या सेन्सरवर बघत असाल तर एकाच जागी उभं राहून बघा, कारण 8-साडेआठ मीटर चढलं की 1 हेक्टोपास्कल आपोआप कमी होतो. घाटीवरचं घर आणि खालची जेटी यांचे आकडे जुळायचे नाहीत.

माशाच्या बाजूनेही हिशेब करून बघा. 1 सेंटिमीटर पाणी म्हणजे जवळपास 1 हेक्टोपास्कल. हवेचा दाब 5 ने उतरला तर मासा 5 सेंटिमीटर खाली सरकला की झालं. भरती तर दर खेपेला त्याच्या डोक्यावर दोन-तीन मीटर पाणी चढवते. भोत (पोटातली हवेची पिशवी) असलेले घोळीसारखे मासे हे रोज सोसतात. त्यामुळे दाबाचा आकडा मी वाऱ्यासाठी बघतो, माशासाठी नाही.

कालच्या त्याच वेळेपेक्षा दाब 3-4 ने खाली असेल आणि उतरतच चालला असेल, तर अरबी समुद्रात काहीतरी शिजतंय असं धरा आणि हवामान खात्याचा किनारपट्टीचा इशारा वाचा. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचा लाटांचा अंदाजही बघा, कारण दूरच्या वादळाच्या लाटा इथे वारा पडलेला असतानाही खडपावर येतात. बंदरावर 3 नंबरचा बावटा (वादळी वाऱ्याचा इशारा) लागला असेल तर बेत रद्द. एरवी थंडीच्या दिवसांत पहाटेचे मतलई वारे पाणी निवळ ठेवतात, दुपारी खारा वारा सुटला की तोंडावर लाट येते. म्हणून सकाळची भरती मिळेल असा दिवस निवडा.

सामान त्या हवेप्रमाणे. निवळ पाण्याला बारीक तंगूस (नायलॉनची दोरी) आणि छोटी गरी (गळाचा आकडा), बोटभर मुडदुशीसाठी तेवढी पुरते. पावसाने खाडी गढूळ झाली असेल तर जाड तंगूस, जड शिसं आणि वासाचं आमिष, म्हणजे कोळंबी किंवा तारलीचा तुकडा; तिथे शेंगटी आणि नशीब असलं तर जिताडा. शेंगटीच्या काट्यासाठी पक्कड हवीच. कार्बनच्या काठीतून वीज वाहते, तेव्हा विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप फोनमध्ये घाला आणि पहिला गडगडाट ऐकताच काठी खाली ठेवून पक्क्या छपराखाली जा. बर्फ, पाणी, टोपी वगैरे आलंच.

खडपावर जाणार असाल तर एक काम आदल्या दिवशीच्या सुकतीला उरकायचं. परतीची वाट भरतीत कुठे बुडते ते प्रत्यक्ष पाहून घ्या, ती जागा बुडायच्या तासभर आधीचा गजर लावा, आणि कुठल्या खडपावर असाल ते घरी सांगून ठेवा.