कोलॅजनवरचे पट्टे मी कुठून आणले

पहिल्या वर्षाच्या हिस्टॉलॉजीच्या (ऊतींच्या सूक्ष्म रचनेच्या) तोंडी परीक्षेत एक्स्टर्नलनी, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांनी, माझं जर्नल उघडलं आणि टेंडनच्या, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीच्या, आकृतीवर बोट ठेवलं. टेंडन बनतो तो मुख्यतः कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंचा; त्या गुलाबी तंतूंवर मी आडवे पट्टे काढले होते, अगदी सुबक. "हे कुठल्या लेन्सखाली दिसले?" मी म्हटलं, चाळीसपट मोठं दाखवणाऱ्या. त्यांनी मायक्रोस्कोप माझ्याकडे सरकवला. "दाखव."

पुढची काही मिनिटं मी नुसता कंडेन्सर वरखाली करत होते. पट्टे येणार कुठून? ते मी सीनियरच्या जर्नलमधून उतरवले होते, आणि तिनं तिच्या सीनियरच्या.

ग्लायसिन, व्हिटॅमिन सी, स्कर्व्ही हे सगळं तुमचं पाठ असेलच, त्यात मी शिरत नाही. घोळ होतो तो मोजमापात. मराठी माध्यमातून आलेल्यांचा जरा जास्तच, कारण आपण फायबरलाही तंतू म्हणतो आणि फायब्रिललाही तंतूच!

काथ्याचा दोर डोळ्यांसमोर आणा. सगळ्यात आत कोलॅजनचा रेणू, तीन साखळ्यांची वेणी. (ही तिपेडी रचना १९५४ साली मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी मांडली. आपल्याकडच्या लेक्चरमध्ये हे कुणी सांगत नाही याचा मला अजून राग आहे.) या रेणूची लांबी ३०० नॅनोमीटर, जाडी जेमतेम दीड. असे रेणू शेजारी-शेजारी लागून फायब्रिल होतो, आणि फायब्रिलांची जुडी म्हणजे फायबर. तो काही मायक्रॉन जाड असतो. लॅबमध्ये तुम्हाला दिसतो तो हा फायबर.

आता पट्टे. रेणू एका रेषेत लागत नाहीत, प्रत्येक जण शेजाऱ्यापेक्षा ६७ नॅनोमीटर पुढे सरकलेला असतो. ३०० ला ६७ नं पूर्ण भाग जात नाही, म्हणून एक रेणू संपून त्याच ओळीतला पुढचा सुरू होईपर्यंत मध्ये फट राहते. या फटी फायब्रिलभर ठरावीक अंतरानं येतात. जड धातूचा स्टेन (नमुना रंगवायचं द्रव्य) त्यांत साचतो आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये तिथे काळा पट्टा दिसतो. फक्त इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये. आपला साधा मायक्रोस्कोप साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दाखवू शकत नाही, आणि हे अंतर त्याच्या एक तृतीयांश. शंभरची लेन्स लावा, तेलाची बाटली उपडी करा, दिसणार नाही म्हणजे नाही.

स्केलेटल मसलचे, म्हणजे हाडं हलवणाऱ्या स्नायूंचे, पट्टे मात्र दोन-अडीच मायक्रॉनवर असतात, ते चाळीसखाली आरामात दिसतात. म्हणजे पट्टे दिसलेच, तर तुम्ही टेंडन बघतच नाही आहात. माझ्या आकृतीचा अर्थ "मी मसललाच टेंडन समजले" असा होत होता, आणि एक्स्टर्नलनी तो मोठ्यानं वाचून दाखवला.

घाबरू नका, मी पास झाले. टेंडन ओळखणं तसं अवघड नाही: किंचित लाटांसारखे गुलाबी जुडगे, आणि त्यांच्या मधल्या फटींत रांगेनं बसलेली चपटी, गडद केंद्रकं. स्मूथ मसलशी (आतडी, रक्तवाहिन्यांतला बिनपट्ट्यांचा स्नायू) गल्लत होतेच. तिथे केंद्रक गुलाबी पेशीच्या आत असतं, इथे जुडग्यांच्या मध्ये. शंका राहिली तर मॅसन ट्रायक्रोम या वेगवेगळ्या ऊती वेगळ्या रंगांत दाखवणाऱ्या स्टेनची स्लाइड मागा: मसल लाल, कोलॅजन निळं किंवा हिरवं. मागायची ती लॅबच्या टेक्निशियन काकांकडे. माझं स्पष्ट मत आहे, स्लाइड त्यांच्याइतकी कुणालाच कळत नाही, त्या कापतात आणि रंगवतात तेच. फक्त परीक्षेच्या आदल्या दिवशी जाऊ नका, ओरडतात.

माझं जर्नल दर वर्षी कुणी ना कुणी मागून नेतं. देते. टेंडनच्या पानाला तेवढ्या चार पिना मारल्या आहेत.