फंक्शन की चालत नाहीत? या चुका टाळा

समजा, सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत दुकानाचा हिशेब जुन्या युनिक्स सर्व्हरवर आहे. नव्या विंडोज पीसीवर पुटी (सर्व्हरला जोडणारा टर्मिनल प्रोग्रॅम) टाकलं, आणि एफ२ दाबल्यावर सेव्ह होणारी पट्टी आता होईना. स्क्रीनवर नुसती भलतीच अक्षरं उमटतात. अशा वेळी लोक टर्म (टर्मिनल कोणत्या प्रकारचं आहे हे सर्व्हरला सांगणारं सेटिंग) अंदाजाने बदलत बसतात: व्हीटी१००, ॲन्सी, लिनक्स. हीच मोठी चूक. की दाबल्यावर सर्व्हरला जो कोड जातो, तो टर्ममुळे बदलत नाही. प्रोग्रॅम कोणत्या कोडची वाट बघेल एवढंच त्याने ठरतं.

आधी सर्व्हरवर 'कॅट -व्ही' ही कमांड चालवून एफ१ दाबा: हा आलेला कोड. मग 'टीपुट केएफ१ | कॅट -व्ही': हा सर्व्हरला हवा असलेला कोड. दोन्ही सारखे दिसले पाहिजेत.

कोणत्या की बंद आहेत, यावरूनच निम्मं निदान होतं. फक्त एफ१ ते एफ४ बंद असतील तर पुटी मूळ सेटिंगवर आहे: ते एफ१ला 'एस्केप [११~' पाठवतं, पण टर्म एक्सटर्म (हाही टर्मिनलचा एक प्रकार) असल्याने सर्व्हरला 'एस्केप ओपी' हवं असतं. एफ१ ते एफ५ बंद आणि एफ६पासून पुढे ठीक, तर लिनक्स कन्सोल (लिनक्सचा स्वतःचा टर्मिनल प्रकार) आणि एक्सटर्म यांची गल्लत आहे. एफ६ ते एफ१२चे कोड दोघांचे एकच. बाराच्या बारा बंद आणि सर्व्हर एस्सीओ युनिक्सचा (युनिक्सचा एक जुना प्रकार), तर त्याला एफ१साठी 'एस्केप [एम' लागतं.

पुटीत टर्मिनल, मग कीबोर्ड इथे एक्सटर्म आर६ (एस्सीओसाठी एस्सीओ) निवडा. किंवा कनेक्शनमधल्या डेटा पानावर टर्मिनल टाइप 'पुटी' लिहा. त्या नावाची नोंद सर्व्हरच्या टर्मइन्फोत (टर्मिनलांच्या कोडांच्या यादीत) हवी. एक्सटर्म आर६ आणि 'पुटी' दोन्ही एकदम केलंत तर पुन्हा बिघडेल. बदल झाल्यावर सेशन सेव्ह करायला विसरू नका, नाहीतर उद्या सकाळी तेच.

सर्व्हरवर लॉगिन करताना चालणाऱ्या प्रोफाइल फाइलमध्ये 'टर्म=व्हीटी१००' कायमचं लिहून ठेवू नका. १९७८च्या त्या टर्मिनलला रंग नव्हते, आणि पीएफ१ ते पीएफ४ एवढ्याच चार फंक्शन की होत्या. शिवाय टीमक्सच्या (एका खिडकीत अनेक टर्मिनल चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) आत टर्म वेगळी असावी लागते, तीही अशाने पुसली जाते. सिरियल केबलवरून स्क्रीनचा आकार आपोआप कळत नाही. तिथे 'एसटीटीवाय रोज २४ कॉल्स ८०' (२४ ओळी, ८० रकाने) ही कमांड द्या.

'कॅट -व्ही'त काहीच उमटलं नाही, तर सर्व्हरला हात लावू नका. की वाटेतच अडली आहे: लॅपटॉपवर एफएन दाबून बघा, आणि लिनक्सवरच्या ग्नोम टर्मिनलमध्ये एफ१, एफ१०, एफ११चे शॉर्टकट बंद करा.